विश्लेषण : सभा भरवायलाही परवानगी लागायची, तेव्हा मराठवाड्यात स्वयंसेवक घडवणारे स्वामी रामानंद तीर्थ कोण होते?

नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मात्र लढ्याआधी आणि लढ्यानंतर त्यांनी जे केले, त्यातून नांदेड-लातूर भागात लोकांनी एकत्र येऊन काम करण्याची सवय रुजली. ती कशी, ते समजून घेऊ.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. सकाळी ध्वजवंदन, हुतात्म्यांना अभिवादन आणि मग दिवसभर कुठे रक्तदान शिबिर, कुठे वृक्षारोपण, कुठे विद्यार्थ्यांच्या स्पर्धा. नांदेड आणि लातूरमध्ये रोटरी, लायन्ससारखे सेवा क्लब आहेत, गणेश मंडळे आहेत, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत. कार्यक्रम ठरला की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातो, मंडप पडतो, माणसे जमतात.

नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी याच भागात हे एवढे सोपे नव्हते. चार माणसांनी जमून सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे म्हटले तरी सरकारची परवानगी लागे. शाळा काढायची तरी परवानगी, व्यायामशाळा काढायची तरी परवानगी. अशा काळात एका संन्याशाने शिक्षक, विद्यार्थी, वकील, शेतकरी यांना हाताशी धरून लोकांच्या संस्था उभ्या केल्या. ते होते स्वामी रामानंद तीर्थ.

‘गश्ती निशान ५३’ हे काय प्रकरण होते?

हैदराबाद संस्थान हे ब्रिटिश काळातील देशातील सर्वात मोठ्या संस्थानांपैकी एक. त्यात १६ जिल्हे होते. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन. आजचा लातूर जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. लातूर उस्मानाबादकडे, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग बिदर जिल्ह्यात होता. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.

संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य जनतेच्या मुलांना मातृभाषेत शिकण्याची सोय फारच थोडी होती.

१९२९ मध्ये निजाम सरकारने एक परिपत्रक काढले. तेच ‘गश्ती निशान ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक आणि निशान म्हणजे क्रमांक. सार्वजनिक सभा घेण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे या परिपत्रकाने बंधनकारक झाले. सभेत काय बोलले जाणार, कोण बोलणार, याची धास्ती सरकारला होती. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही वेगवेगळ्या नियमांचा पहारा होता.

शिकागोमध्ये १९०५ मध्ये रोटरी आणि १९१७ मध्ये लायन्स या सेवा क्लबांची सुरुवात झाली होती. जगभरातील शहरांत व्यापारी, डॉक्टर, वकील दर आठवड्याला जेवणासाठी जमत आणि गावासाठी काय करता येईल याचा विचार करत. मराठवाड्यात मात्र जमणे हेच संशयाचे कारण होते. म्हणून येथे समाजसेवेची सुरुवात शाळा, वाचनालय आणि खादी अशा वरकरणी साध्या कामांतून झाली. सरकारला ती कामे एकदम बंद पाडता येत नव्हती आणि लोकांना त्यातून एकत्र येता येत होते.

व्यंकटेश खेडगीकरचे रामानंद तीर्थ कसे झाले?

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. सोलापुरात शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या बातमीने हा १६ वर्षांचा मुलगा हादरला आणि आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करायची, असा निश्चय त्याने केला. असे निश्चय त्या वयात अनेक जण करतात. व्यंकटेशने तो शेवटपर्यंत पाळला.

असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारमान्य शिक्षण सोडले आणि राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. अमळनेर आणि त्यानंतर पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत त्यांनी काम केले. संघटना कशी बांधायची, सभेचे इतिवृत्त कसे ठेवायचे, मागणी कागदावर कशी मांडायची, याचे धडे कामगार चळवळीत मिळत. स्वामीजींच्या पुढच्या सगळ्या कामात या शिस्तीची छाप दिसते.

मध्येच गंभीर आजाराने त्यांना गाठले आणि मुंबई-दिल्लीचे धावपळीचे जीवन थांबले. त्यानंतर ते वळले ते निजामाच्या राज्यातील एका खेड्याकडे.

हिप्परग्याच्या शाळेत काय घडले?

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात हिप्परगा (रवा) नावाचे गाव आहे. १९२१ मध्ये येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले.

राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय, लोकांच्या मदतीवर चालणारी शाळा. शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राहत. मुलांना पुस्तकी विषयांबरोबर श्रम, सूतकताई, स्वावलंबन शिकवले जाई. गावाने धान्य द्यायचे, शिक्षकांनी आयुष्य द्यायचे, असा तो मामला होता. आज एखादा सेवा क्लब गावातील शाळा दत्तक घेतो. हिप्परग्यात शाळा चालवण्याचा सगळाच भार गावाच्या आणि शिक्षकांच्या खांद्यावर होता.

याच काळात, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे आली, पण ते मठात गेले नाहीत. शाळाच त्यांचा आश्रम राहिली. घर नाही, संसार नाही, मालमत्ता नाही, त्यामुळे सरकारला त्यांच्याकडून हिसकावून घेण्यासारखे काही नव्हते. पुढील लढ्यात ही गोष्ट फार उपयोगी पडली.

अंबाजोगाईला स्थलांतर का करावे लागले?

हिप्परग्यात शाळा चालकांशी मतभेद झाले आणि १९३५ मध्ये स्वामीजी काही सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. त्या काळी सरकारी कागदोपत्री या गावाचे नाव मोमिनाबाद होते. येथे योगेश्वरी देवीच्या नावाने चालणाऱ्या शाळेची धुरा त्यांनी सांभाळली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते.

अंबाजोगाई लातूरपासून फार दूर नाही. बीड, लातूर, परळी, नांदेड या पट्ट्यातील अनेक तरुण या शाळेच्या संपर्कात आले. वर्गात गणित-इंग्रजी, वर्गाबाहेर वाचन, चर्चा आणि सफाई. कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, कोणी खेड्यात जाऊन पत्र लिहून द्यायचे. पुढील दहा-बारा वर्षांत मराठवाड्याचे जे कार्यकर्ते तुरुंगात गेले, त्यांच्यातील कितीतरी जण आधी अशा शाळांचे विद्यार्थी किंवा शिक्षक होते. नांदेडची प्रतिभा निकेतनसारखी शाळाही याच परंपरेतील.

परतूर ते लातूर : महाराष्ट्र परिषद म्हणजे काय?

राजकीय पक्षाला परवानगी नव्हती, तेव्हा संस्थानातील तिन्ही भाषक भागांनी आपापल्या परिषदा स्थापन केल्या. तेलंगणात आंध्र महासभा, कर्नाटकात कर्नाटक परिषद आणि मराठवाड्यात महाराष्ट्र परिषद. शिक्षण, शेतसारा, भाषा, नागरी हक्क असे विषय तिथे मांडले जात.

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. दुसरे १९३८ मध्ये लातूरला झाले, अध्यक्ष होते श्रीधर वामन नाईक. १९४१ चे अधिवेशन नांदेड जिल्ह्यातील उमरीला भरले. परिषदेच्या कामाने स्वामीजी हळूहळू पूर्ण वेळ सार्वजनिक जीवनात ओढले गेले.

या अधिवेशनांचे महत्त्व केवळ ठरावांत नव्हते. अधिवेशन भरवणे म्हणजे स्वागत समिती नेमणे, वर्गणी गोळा करणे, गावोगावच्या प्रतिनिधींची राहण्या-जेवणाची सोय करणे, स्वयंसेवकांना कामे वाटून देणे आणि शेवटी जमाखर्च मांडणे. ज्यांना आयुष्यात कधी सभेत उभे राहून बोलायची संधी मिळाली नव्हती, त्यांना तिथे मत मांडता आले आणि मत देताही आले. लोकशाही येण्याआधी तिची रंगीत तालीम मराठवाड्यात अशा मंडपांत झाली.

१९३८ मध्ये नेमके काय बिनसले?

१९३८ मध्ये संस्थानातील सर्व भाषकांना एकत्र आणणारी संघटना हवी, म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेसची जुळवाजुळव सुरू झाली. संघटना रीतसर स्थापन होण्याआधीच सप्टेंबर महिन्यात सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्थापना होण्याच्या आधीच बंदी येणे, ही तशी दुर्मीळ गोष्ट.

उत्तर म्हणून ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानल यांच्याकडे होते. त्यानंतर लगेच स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. मराठवाड्यातून अनेक सत्याग्रही तुरुंगात गेले. याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतीलच एक. ते आयुष्यभर स्वामीजींना गुरुस्थानी मानत आले.

त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह सुरू होते. त्यामुळे लढ्याला धार्मिक रंग देण्याची आयती संधी सरकारला मिळत होती. महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह थांबवला. लढा निजामाच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध आहे, मुसलमानांविरुद्ध नाही, ही स्वामीजींची भूमिका होती. ती त्यांनी कधी सोडली नाही.

बंदी उठवण्यासाठी सरकारने नाव बदलण्याची अट घातली. काही मवाळ सहकाऱ्यांना ती मान्य करावीशी वाटत होती. नाव बदलले तर निदान काम तरी सुरू होईल, हा त्यांचा हिशेब. स्वामीजींनी नकार दिला. लोकांनी आपल्या संघटनेला कोणते नाव द्यावे हे सरकार ठरवणार असेल, तर पुढे तिचे काम काय असावे हेही सरकारच ठरवेल, हे त्यांनी ओळखले होते. या हट्टाची किंमत म्हणून १९४६ पर्यंत बंदी कायम राहिली. दरम्यान १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ मध्ये स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले.

लातूरचे दोन स्वयंसेवक : ‘रझाकार’ शब्दाचा अर्थ काय?

या कहाणीतील सर्वात अस्वस्थ करणारा भाग लातूरशी जोडलेला आहे. ज्या लातुरात १९३८ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन भरले, त्याच लातुरात कासीम रझवी नावाचा वकील राहत होता. बहादूर यार जंग यांच्या १९४४ मधील निधनानंतर पुढे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे त्याच्या हाती आली. त्याच्या नेतृत्वाखाली वाढलेली निमलष्करी फौज म्हणजे रझाकार.

मराठवाड्यात ‘रझाकार’ हा शब्द आजही भीती आणि जुलमाचा समानार्थी शब्द म्हणून वापरला जातो. पण त्याचा मूळ अर्थ आहे स्वयंसेवक. आपल्या मर्जीने काम करायला पुढे आलेला माणूस.

म्हणजे एकाच संस्थानात, एकाच काळात दोन प्रकारचे स्वयंसेवक उभे राहिले. दोघेही बिनपगारी, दोघांकडेही निष्ठा होती आणि त्यागाची तयारी होती. एकांना शाळा, परिषद आणि सत्याग्रह यांनी घडवले. दुसऱ्यांच्या हाती शस्त्रे दिली गेली आणि एका धर्माची सत्ता टिकवणे हे त्यांचे ध्येय ठरले. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. स्वयंसेवकाच्या उत्साहाला कोणती दिशा दिली जाते आणि त्याला जाब विचारणारे कोणी आहे का, यावर सगळे अवलंबून असते. हा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून घेतला.

१९४७-४८ : लढ्याची शेवटची तेरा महिने

जून १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसचे पहिले अधिवेशन हैदराबादजवळ मुशीराबाद येथे झाले. अध्यक्ष होते स्वामीजी. संस्थान भारतात विलीन करा, ही मागणी तिथे ठामपणे पुढे आली. ७ ऑगस्ट हा दिवस भारतात सामील व्हा दिन म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबादेत तिरंगा फडकवणे गुन्हा होता. त्या दिवशी ध्वजाच्या कार्यक्रमावरून स्वामीजींना अटक झाली. काही महिन्यांनी सुटका आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक.

बाहेर लढा सुरूच राहिला. विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली, वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडवण्यात आले. करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे निजामाच्या जकात चौक्यांवर हल्ले झाले. संस्थानच्या सीमेबाहेर, भारताच्या हद्दीत ठिकठिकाणी कॅम्प उघडले गेले. नांदेड भागातील कार्यकर्त्यांना यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा कॅम्प जवळचा होता. उस्मानाबाद-लातूर भागाला बार्शीची बाजू जवळची.

लढ्याचे हे वळण सशस्त्र होते, हे लपवण्याचे कारण नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे बँकेवर छापा घालून कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी पैसा मिळवला. स्वामीजी तेव्हा तुरुंगात होते. या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो मांडला गेला, ही गोष्ट मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. छाप्याच्या धाडसाइतकेच महत्त्व लोक या हिशेबाला देतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्याला पोलीस ॲक्शन म्हटले जाते. स्वामीजींची तुरुंगातून सुटका झाली.

मुक्तीनंतरची कसोटी कोणती होती?

विजयाच्या दिवसांत एक काळी बाजूही होती. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून संस्थानातील अनेक भागांत मुस्लीम कुटुंबांवर हल्ले झाले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक झळ बसलेले असल्याचे नोंदवले. आजचा लातूर जिल्हा तेव्हाच्या उस्मानाबाद आणि बिदरमध्येच मोडत होता. समितीचा अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना हे पान वगळले, तर लढा एका धर्माविरुद्ध नाही, ही स्वामीजींची भूमिका किती अवघड होती आणि किती गरजेची होती, ते कळत नाही.

सत्तेच्या राजकारणातही स्वामीजींच्या वाट्याला सरळ रस्ता आला नाही. स्टेट काँग्रेसमध्ये गट पडले. जहागिरी संपाव्यात, कुळांना जमिनीचे हक्क मिळावेत आणि भाषेच्या आधारावर हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, यासाठी ते आग्रही होते. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात.

ज्या राज्यासाठी ते इतकी वर्षे तुरुंगात गेले, ते राज्यच नकाशावरून पुसले जावे, असे त्यांना वाटत होते. राज्य टिकले असते तर त्यांचे स्वतःचे राजकीय वजनही टिकले असते. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यानंतर मात्र ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले.

नांदेडला स्वामीजींनी काय दिले?

लढा संपल्यावर अनेक स्वातंत्र्यसैनिकांपुढे प्रश्न होता, आता काय? स्वामीजींचे उत्तर जुनेच होते. शाळा, महाविद्यालय, खादी.

१९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीने पीपल्स कॉलेज सुरू केले. स्वामीजी या कामाचे प्रवर्तक होते. स. कृ. वैशंपायन यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील सहकारी संस्था सांभाळायला उभे राहिले. त्याआधी नांदेडच्या मुलांना पदवी घ्यायची तर बाहेरगावी जावे लागे. महाविद्यालयाच्या नावातच पीपल्स, म्हणजे लोकांचे, असा शब्द आहे. कोणा दात्याचे किंवा नेत्याचे नाव दिलेले नाही. याच संस्थेने पुढे नांदेडमध्ये सायन्स कॉलेजही उभारले. विचारवंत नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक होते आणि पुढे प्राचार्यही झाले. त्यांच्या व्याख्यानांनी आणि लेखनाने नांदेडचे नाव महाराष्ट्रभर गेले. त्यासाठी लागणारे व्यासपीठ आधीच्या पिढीने बांधून ठेवले होते.

दुसरे काम खादीचे. स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीने संस्थानी काळापासून खादीचे काम चालवले होते. त्यातूनच नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. देशात राष्ट्रध्वज बनवणारी अधिकृत केंद्रे मोजकी आहेत. त्यांत नांदेडच्या या समितीचा समावेश होतो. ध्वजासाठी लागणारे खादीचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणले जाते. ज्या प्रदेशात तिरंगा हातात घेतला म्हणून तुरुंगात जावे लागे, तेथील चरख्यांवरचे आणि मागांवरचे कापड आज देशभरच्या ध्वजस्तंभांवर चढते.

अखेरची वर्षे आणि मागे उरलेले काय?

आयुष्याच्या उत्तरार्धात स्वामीजींनी हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. ते पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तिसंग्रामाचा अभ्यास करणाऱ्यांना ते आजही पहिल्यांदा हातात घ्यावे लागते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच बेगमपेठ येथे आहे.

अंबाजोगाईत १९७० च्या दशकात ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे.

आजच्या सेवाभावी संस्थांना यातून काय घेता येईल?

स्वामीजींनी सेवा क्लब काढला नाही. त्यांची कामाची रीत मात्र कोणत्याही क्लबला, मंडळाला किंवा युवक गटाला आजही उपयोगी पडेल अशी आहे.

एक, काम रोजचे हवे. मुक्तिसंग्रामात स्वयंसेवक एका रात्रीत मिळाले नाहीत. शाळेच्या वर्गात, वाचनालयात, खादी केंद्रात पंधरा-वीस वर्षे माणसे घडत होती, म्हणून गरज पडताच ती उभी राहिली. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मदतीला आलेल्यांमध्ये ज्यांच्याकडे आधीपासून संघटना आणि शिस्त होती, त्यांचीच मदत दीर्घकाळ टिकली. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही मांजरा नदीचे पात्र खोल करण्यासाठी लोकांनी वर्गणी आणि श्रम दिले. संकट आल्यावर संघटना बांधायला वेळ नसतो.

दोन, हिशेब उघडा हवा. लोकांच्या पैशावर चाललेली शाळा असो की परिषद, जमाखर्च मांडल्याशिवाय पुढच्या वर्षी वर्गणी मागायला तोंड राहत नाही.

तीन, दार सर्वांना उघडे हवे. सेवा आपल्याच जातीची, आपल्याच धर्माची, आपल्याच पक्षाची होऊ लागली की स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ बदलू लागतो. लातूरने तो बदललेला अर्थ जवळून पाहिला आहे.

चार, नेत्याने बाजूला व्हायला शिकले पाहिजे. स्वामीजींच्या बहुतेक संस्था त्यांच्या हयातीतच सहकाऱ्यांच्या हाती गेल्या. म्हणून त्या त्यांच्यानंतरही चालल्या.

पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. ज्या संस्था लोकांच्या म्हणून सुरू झाल्या, त्या लोकांच्याच राहिल्या आहेत का, त्यांच्या सभा होतात का, हिशेब वाचला जातो का, नवे सभासद येतात का, हे १७ सप्टेंबरला विचारले तर तो दिवस अधिक अर्थपूर्ण होईल. सभा घेण्याचा हक्क या भागाने फुकट मिळवलेला नाही.

जीवनपट थोडक्यात

१९०३ : सिंदगी येथे ३ ऑक्टोबरला जन्म.
१९२० : टिळकांच्या निधनानंतर आजन्म देशसेवेचा निश्चय.
१९२९ : हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक. याच वर्षी निजाम सरकारचे ‘गश्ती निशान ५३’.
१९३५ : अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत.
१९३८ : महाराष्ट्र परिषदेचे लातूर अधिवेशन. स्टेट काँग्रेसवर बंदी, सत्याग्रह, तुरुंगवास.
१९४६ : स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली.
१९४७ : मुशीराबाद अधिवेशनाचे अध्यक्ष. १५ ऑगस्टला अटक.
१९४८ : १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती.
१९५० : नांदेडला पीपल्स कॉलेज.
१९५२ आणि १९५७ : लोकसभेवर निवड.
१९६७ : मुक्तिलढ्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध.
१९७२ : २२ जानेवारीला हैदराबादमध्ये निधन.
१९९४ : नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ.